घरचा १० टनी प्रेस, भाग ३: एचटी रॉड, पाइप आणि अडीच पैलू

जॅकवर चालणाऱ्या, बुश-बेअरिंग काढा-घालायच्या या प्रेसची वरची आणि खालची प्लेट मागच्या भागातच तयार झाली होती. ५० मिमी जाड, ४०० बाय २५०, एकेक साधारण ३९ किलोची. चारही कोपऱ्यांत २२ ची भोकं, डाव्या-उजव्या भोकांमध्ये ३२० चं अंतर. आता खांब उभे करायचे. हा भाग सगळा खांबांचाच आहे, कारण या प्रेसमध्ये डोकं लावण्यासारखं जे काही आहे ते तिथंच आहे.

खांबांसाठी एम२० चा (२० मिमी जाड), २.५ पिचचा (दोन आट्यांत २.५ मिमी अंतर), ८.८ या ताकदीच्या ग्रेडचा फुल थ्रेड रॉड घेतला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात 'एचटी रॉड द्या' म्हटलं की हाच पुढे येतो; एचटी म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताण घेणारा. पण दुकानात साधा रॉड आणि एचटी रॉड एकाच रॅकमध्ये शेजारी पडलेले असतात आणि दोन्ही काळे असले तर नजरेला काही कळत नाही. टोकाचा रंग बघा: ८.८ ला पिवळा, १०.९ ला पांढरा. रंग पुसला असेल किंवा रॉड कापून उरलेला तुकडा असेल, तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. कानस मारून बघणं इथं कामाचं नाही, ८.८ वर कानस व्यवस्थित चालते. मी एक तुकडा शिरोलीत हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रॉकवेलला, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशिनला, लावून आणला, २७ आला. या जाडीत ८.८ ला २३ ते ३४ चालतो, म्हणजे माल बरोबर.

आटे रोल केलेले आहेत की कापलेले, तेही बघून घ्या. रोल केलेल्या आट्याच्या माथ्यावर भिंगातून बारीक शिवण दिसते आणि बाजू चकचकीत असतात. रोल करताना पोलादाचे तंतू तुटत नाहीत, आट्याच्या तळाशी दाबले जातात. पुन्हा पुन्हा भार येणाऱ्या कामात असा रॉड जास्त टिकतो. लेथवर आटे पाडून घेणार असाल तर तळाशी टोकदार कोपरा राहू देऊ नका. चीर तिथूनच धरते.

मागच्या भागानंतर दोघा-तिघांनी विचारलं की ८.८ कशाला, १२.९ घ्यायचा होता की. एकानं बी७ सुचवला. आधी बी७ चं सांगतो. तो क्रोम-मॉली पोलादाचा स्टड, ताकद ८६० मेगापास्कल, म्हणजे ८.८ च्या जवळपासच. त्याची खरी किंमत गरम कामात, स्टीमच्या आणि रिफायनरीच्या फ्लँजवर. तिथं त्याला २एच नट लागतो. आपला प्रेस काही तापणार नाही. भंगारात वापरलेले बी७ स्टड स्वस्तात मिळतात, पण ते किती वेळा आणि किती ताणले गेलेत हे कुणालाच माहीत नसतं. मी हात लावत नाही. १२.९ ची गोष्ट वेगळी. इतक्या कडक पोलादावर झिंक प्लेटिंग केलं तर हायड्रोजन आत शिरतो आणि रॉड ताणाखाली असताना, काही तासांनी किंवा दिवसांनी, अचानक तुटू शकतो. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत २०० अंशांच्या आसपास भाजून काढतात ते यासाठीच. ते नीट केलंय का, हे बाजारात कोण सांगणार?

पण खरा मुद्दा असा की नुसत्या ताकदीनं प्रेस ताठ होत नाही. हा गैरसमज आपल्यात फार आहे. पोलाद साधं असो नाहीतर एचटी, तितक्याच भाराला ते तितकंच लांबतं. लवचिकतेचा मापांक दोघांचा जवळपास एकच, साधारण २०५ गिगापास्कल. हिशेब करून बघा. १० टन म्हणजे ९८ किलोन्यूटन, चार खांबांत वाटले तर प्रत्येकी २४.५. एम२० चं ताण घेणारं क्षेत्रफळ २४५ चौरस मिमी, म्हणजे ताण १०० मेगापास्कल. नट ते नट ७०० मिमी धरलं तर रॉड ०.३४ मिमी लांबणार, ग्रेड कुठलाही असो. आणि १०० मेगापास्कल तर ४.६ चा साधा रॉडही घेतो, त्याचा प्रूफ ताण, म्हणजे कायमचा न लांबता सोसेल तो ताण, २२५ आहे. मग एचटीवर पैसे का घालायचे?

कारण एचटी रॉड आधीच ताणून ठेवता येतो. प्रत्येक रॉडवर एक इंची सी-क्लास (जाड भिंतीच्या) पाइपचा तुकडा घातलाय, दोन प्लेटांच्या मध्ये, ६०० मिमी लांब. नट आवळला की रॉड ताणला जातो आणि पाइप दाबला जातो. आता जॅकनं प्लेटा फाकवायला घेतल्या, की भार एकट्या रॉडवर येत नाही. पाइपवरचा दाब कमी होत जातो आणि रॉडचा ताण थोडासाच वाढतो. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात, गार झाली की ती लाकडाला कायमची आवळून धरते, त्यातलाच प्रकार. कारखान्यातल्या मोठ्या प्रेसचे टाय रॉडसुद्धा बऱ्याचदा तापवून आवळतात.

आकड्यांत: पाइप बाहेरून ३३.७, भिंत ४ मिमी, क्षेत्रफळ ३७३ चौरस मिमी. पाइप रॉडपेक्षा जाड आणि आखूडही, म्हणून २४.५ पैकी रॉडच्या वाट्याला ९ किलोन्यूटनसुद्धा येत नाहीत. खांब ०.३४ ऐवजी ०.१२ मिमी लांबतो. अट एकच, पाइपवरचा दाब कधीच संपता कामा नये. जॉब, म्हणजे दाबायची वस्तू, मध्यावर नसेल तर एका बाजूच्या खांबांवर जवळजवळ दुप्पट भार येतो, तेव्हा पाइपवरचा ३० किलोन्यूटनपेक्षा जास्त दाब सुटणार. ते धरून मी प्रत्येक रॉडला ६० किलोन्यूटन द्यायचे ठरवले. ते २४५ मेगापास्कल होतात. ४.६ चा रॉड इथंच हात टेकतो, आणि आवळताना येणारा पीळ अजून धरलेलाच नाही. ८.८ चा प्रूफ ताण या मापाला ६००. म्हणून एचटी.

पाइप लेथवर फेसिंग करायला, म्हणजे टोकं सपाट करून घ्यायला, दिले तेव्हा मिस्त्रींनी विचारलंच, "रॉड एचटी हाय न्हवं? मग पाइप कशाला घालतायसा?" मी वरचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक पाइप चकमध्ये धरला आणि म्हणाले, "मग चारी एका मापाची पायजेत." म्हणजे पटलं. चारही पाइप आपसांत ०.०५ मिमीच्या आत काढून दिले. या कामात अचूकता लागते ती इथंच. एक पाइप आखूड राहिला तर प्लेट तिरकी बसते आणि त्या कोपऱ्यातला ताण गायब.

रॉड कटिंग व्हीलवर कापला. कापण्याआधी नट चढवून ठेवला, कापल्यावर तो काढताना टोकाची बर (उरलेली धारदार कड) साफ होते, मग ग्राइंडरवर चॅम्फर, म्हणजे टोकाची कड उतरती केली. टोक थोडं निळं पडलं तर घाबरायचं कारण नाही, ८.८ चं टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर चिवटपणासाठी पुन्हा तापवणं, ४२५ अंशांच्या वरच झालेलं असतं. पण गॅसनं कापणं किंवा रॉडला नट वेल्ड करणं अजिबात नको. नट ८ ग्रेडचे, खाली कडक वॉशर. रॉड एचटी आणि नट साधा, ही जोडी मी बऱ्याच घरगुती प्रेसवर बघितली आहे. तिथं नटाचे आटे सोलून निघतात, आणि तेही भर दाबात. रॉडला पाइपमध्ये सरकवण्याआधी भरपूर ग्रीस लावलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात आत गंज धरला तर बाहेरून कळणारही नाही.

आता आवळणं. आटे आणि नटाचं तोंड तेलात. आधी चारही नट समोरासमोरच्या क्रमानं ४० न्यूटन-मीटरला आणले, त्यात साधारण १३ किलोन्यूटन येतात. उरलेल्या ४७ साठी टॉर्कवर विसंबलो नाही, कारण तेल कमी-जास्त झालं की तोच टॉर्क वेगळाच ताण देतो. कोनावर गेलो. ६० किलोन्यूटनला रॉड ०.८४ मिमी लांबतो, पाइप ०.४७ दबतो, मिळून १.३१. पिच २.५, म्हणजे अर्ध्या फेऱ्याहून जरा जास्त. त्यातला ४७ चा वाटा साधारण १५० अंश, म्हणजे षटकोनी नटाचे अडीच पैलू. पेंटनं खुणा केल्या आणि एकेक पैलू करत, कोपरे बदलत, तीन फेऱ्यांत अडीचवर आलो. शेवटच्या फेरीत पान्यावर मीटरभर पाइप चढवावा लागला. अखेरीस टॉर्क रेंच लावून बघितलं तर चारही नट १७० ते १९० मध्ये हलले. तेलातल्या आट्यांचा हिशेब १८० येतो. दोन प्लेटांमधलं अंतर डायलवर ०.३५ मिमीनं कमी झालं, हिशेबात ०.३७ होतं. या निकालावर मी खूश आहे.

प्लेटांचं मात्र सांगायला हवं. ५० मिमीची प्लेट १० टनांना मध्यावर ०.१२ मिमीच्या आसपास वाकते, आणि अशा दोन आहेत. खांब ताठ केल्यावर आता सगळ्यात मऊ भाग प्लेटाच ठरतात. जुन्या इंजिनांचे बुश आणि बेअरिंग काढा-घालायला एवढं चालतं. कुणाला डाय-पंचचं काम करायचं असेल तर ६० मिमी धरा.

पुढच्या भागात मधली सरकती प्लेट. जॅक खालच्या प्लेटवर, सरकती प्लेट त्याच्या डोक्यावर, जॉब तिच्या आणि वरच्या प्लेटच्या मध्ये. म्हणजे ती वजनानंच परत खाली येते, स्प्रिंग लागत नाही. ती या पाइपांवरूनच सरकणार आहे, पण सी-क्लास पाइप बाहेरून नेमका गोल नसतो, म्हणून प्लेटचं भोक मोठं ठेवून आत पितळी बुश घालायचा विचार आहे. कुणी पाइपवर सरकती प्लेट केली असेल तर किती मोकळीक ठेवली ते सांगा. बुश अजून टर्निंगला दिलेले नाहीत.