ओल नेमकी कुठून आली?

सात महिने गोदामात आणि नंतर सहा आठवडे जहाजावरच्या कंटेनरमध्ये राहिलेले आमचे सामान घरी आले, तेव्हा एकही खोके उघडण्यापूर्वीच कुबट वास दारापर्यंत पोहोचला होता. पहिल्या खोक्याची चिकटपट्टी ओढली, तर पुठ्ठ्याचे पापुद्रेच सुटून हातात आले. आतल्या चामडी बॅगेवर राखाडी-हिरवी लव उगवली होती. मी ती घाईने कोरड्या फडक्याने झटकली आणि बुरशीचे बीजाणू खोलीभर उडवून बसलो.

माल उतरवणाऱ्याने पोचपावती पुढे केली. ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या छापील ओळीखाली मी सही करणारच होतो, पण पत्नीने थांबवले. ती ओळ खोडून आम्ही ‘खोकी ओली, बुरशी दिसते, आतील तपासणी बाकी’ असे लिहिले आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवले. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येईपर्यंत काहीही टाकायचे अथवा धुवायचे नाही, असे ठरवून प्रत्येक वस्तूचा फोटो खोक्याच्या क्रमांकासह काढला. त्या वासात चार दिवस काढणे जिवावर आले होते.

पॉलिसी तेव्हा कुठे नीट वाचली. हवेतील ओलाव्यामुळे आलेली बुरशी तीत वगळलेली होती. बाहेरून पाणी शिरून झालेले नुकसान मात्र धरलेले होते. म्हणजे बुरशी आली हे दाखवून भागणार नव्हते, ओल कुठून आली हे दाखवावे लागणार होते. कंटेनरमध्ये दिवसा तापलेल्या हवेतला ओलावा रात्री छत थंड झाले की त्याला थेंबांच्या रूपाने धरतो आणि खाली ठिबकतो. आमच्याकडेही तेच झाले, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु आमच्या तळच्या खोक्यांवर साधारण वीतभर उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती आणि तिच्या वर पुठ्ठा कोरडा होता. छतावरून ठिबकणारे पाणी अशी सरळ रेघ ओढत नाही. सर्व्हेअरने ओलावामापकाच्या सुया लाकडी कपाटाच्या पायाला टोचल्या तेव्हा आकडा 24 टक्के आला, माथ्याला 13.

रेघ असलेल्या खोक्यांचा दावा मंजूर झाला, वरच्या थरातील कपड्यांचा नामंजूर. ते मला मनातून पटलेही, कारण धुलाईयंत्राच्या नळीतले पाणी न काढताच मी ते प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले होते आणि कपड्यांची खोकी त्यालाच टेकून होती.

सर्व्हेअरची लेखी संमती मिळाल्यावर सफाई सुरू केली. काच आणि स्टील साबणाच्या पाण्याने सहज निघाले, सुती कपडे गरम पाण्यात धुतले. गाद्या, उशा आणि भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे टेबल टाकून दिले, कारण बुरशी आतवर गेली की अशा वस्तू वरून कितीही पुसल्या तरी उपयोग होत नाही. भरीव लाकडाच्या कपाटासाठी एन-95 मास्क लावून आधी हेपा फिल्टरच्या (अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीच्या) व्हॅक्यूमने भुकटी ओढून घेतली, मग सौम्य साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसून ते पंख्याखाली सुकवले. ब्लीच वापरले नाही. लाकडात ते खोलवर पोहोचत नाही, त्यातले पाणी तेवढे मुरते.

पुस्तकांचे काम सर्वांत किचकट होते. सादळलेली पुस्तके पिशव्यांत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवली. थंडीने बुरशी मरत नाही, पण तिची वाढ थांबते आणि आपल्याला सवड मिळते. दर रविवारी चार-पाच पुस्तके बाहेर काढून, पाने सुटी करून वाळवतो आणि मऊ ब्रशने घराबाहेर झाडतो. फोटोंचे दोन अल्बम मात्र अजून आतच आहेत. त्यांतली पाने एकमेकांना चिकटली असून ती ओढून सोडवण्याचा धीर मला अद्याप झालेला नाही.