स्वीडनच्या वाचनपुस्तकांतली घरे

रविवार, रात्र

स्वीडनमधील जुनी शालेय वाचनपुस्तके सध्या सवडीने वाचतो आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड डालीन आणि फ्रिडट्युव बेर्ग या शिक्षणक्षेत्रातील मंडळींनी संपादित केलेल्या एकाच मालिकेतील दोन पुस्तके आज लागोपाठ चाळली, आणि त्यांतील बालपण इतके वेगवेगळे निघाले की दोन्ही एकाच देशातील मुलांसाठी लिहिली होती यावर विश्वास बसेना.

पहिले पुस्तक आन्ना मारिया रूस यांचे ‘सोरगोर्डेन’. ते अगदी लहान मुलांसाठी असून १९१२–१३ च्या सुमारास आले आणि पुढे अनेक दशके शाळांतून वाचले गेले. शेतावरचे घर, भावंडे, गुरेढोरे, नाताळची गडबड, देवावर श्रद्धा असलेले प्रेमळ आईवडील. मुलाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर घरातील मोठ्या माणसाकडे असतेच. पुस्तक गोड आहे, हे मान्य करायला हवे. मात्र ते ज्या काळात लिहिले गेले, त्याच्या आगेमागे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत, सुमारे तेरा लाख स्वीडिश माणसे अमेरिकेकडे निघून गेली आणि त्यांतील कितीतरी जण अशाच खेड्यांतील होते. घर सोडून जाण्याच्या त्या दिवसांत घराचे इतके स्थिर चित्र मुलांपुढे ठेवावेसे वाटणे समजण्यासारखे आहे, पण त्यावर माझे मन रमत नाही. (पुढे रूसबाई भारतीय अध्यात्माकडे वळल्या आणि १९३८ मध्ये भारतातच वारल्या. सोरगोर्डेनच्या लेखिकेचा हा शेवट मला तरी अनपेक्षित होता.)

दुसरे पुस्तक सेल्मा लागरलॉफ यांचे. निल्स होल्गर्सन नावाचा खोडकर मुलगा बोटभर होऊन हंसाच्या पाठीवरून देशभर हिंडतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेला मुलांसाठी देशाच्या भूगोलाचे पुस्तक हवे होते, म्हणून ते लिहिले गेले आणि १९०६ व १९०७ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. मी मात्र थबकलो ते निल्सपाशी नव्हे, तर हंस राखणारी ओसा आणि तिचा धाकटा भाऊ मॅट्स यांच्यापाशी. त्यांची आई एका आजारी, भटक्या बाईला आसरा देते. ती बाई मरते, आणि मग घरातील भावंडे एकामागून एक दगावू लागतात. आपल्याला शाप भोवला अशी घरात समजूत होते, वडील ते सहन न होऊन निघून जातात, आणि अखेर आईही जाते. उरलेली दोघे एकदा क्षयरोगावरील व्याख्यान ऐकतात, तेव्हा त्यांना कळते की हा शाप नव्हे, संसर्ग होता. तेवढी एक गोष्ट वडिलांना सांगण्यासाठी ती दोन पोरे दक्षिणेकडून थेट उत्तरेच्या खाणींपर्यंत चालत निघतात.

तिथे सुरुंगाच्या स्फोटात मॅट्सही मरतो. त्याची अंत्ययात्रा मोठ्या माणसाला शोभेल अशीच निघावी यासाठी ओसा खाणीच्या प्रमुखाकडे जाऊन हट्ट धरते आणि आपले म्हणणे खरे करते. पुढे वडील भेटतात ते उत्तरेकडील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या वस्तीवर. सोरगोर्डेनमध्ये जाणती असतात ती मोठी माणसे. इथे भयाने पळालेल्या बापाला ज्ञान आणून देते ती त्याची मुलगी. शाळेच्या पुस्तकात लेखिकेने हे लिहिले आणि ज्यांनी लिहायला सांगितले होते त्यांनी ते छापले, याचे मला फार अप्रूप वाटते. भूगोल शिकवताना क्षयाबद्दलही सांगून टाकले, हा तिचा धोरणीपणा वेगळाच.

शालेय पुस्तकांतील घराच्या चित्रात नंतर झालेला बदल मुख्यतः घरकामाच्या वाटणीचा आहे. १९६९ च्या अभ्यासक्रमाने शाळेवर स्त्रीपुरुष समतेची जबाबदारी टाकली, आणि चुलीपाशी आई, बाहेर बाप हे चित्र पाठ्यपुस्तकांतून हळूहळू मागे पडले. ते व्हायलाच हवे होते. पण मला शोध आहे तो ओसाच्या वारसांचा. आज स्वीडनमध्ये बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कित्येक घरांत भाषा आधी मुलांना येते, आणि सरकारी पत्र आईवडिलांना समजावून सांगायला दहा-बारा वर्षांचे पोर पुढे बसते. अशी मुलगी अलीकडच्या एखाद्या वाचनपुस्तकात आहे का, हे आता पाहायचे आहे.