रंगपंचमीचं पिंप

रंगपंचमीला इंदुरात कुणी कामावर येत नाही. राजवाड्याकडे गेर म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, टँकरमधून रंग उडतो, तिकडचे रस्ते बंद असतात. पण वाइनसाठी आंबणाऱ्या द्राक्षरसाला सण कळत नाही. सकाळी सातलाच शेडवर पोचले, दुसऱ्या पिंपावरचं फडकं उचललं आणि सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. पोटात गोळाच आला.

द्राक्षं रतलामकडच्या दोन बिघ्यांच्या बागेतली. मालक काका आपल्यातलेच, तीन पिढ्या माळव्यात. थॉमसन ही खायच्या बिनबियांच्या द्राक्षांची जात. तिचे घड जीए या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात बुडवले की मणी लांबट, टपोरे होतात आणि बाजाराला तेच लागतात. वय झालं तसं काकांनी ते सोडून दिलं. मणी वाटाण्याएवढे राहिले, व्यापारी बघून परत गेले, आणि बाग उपटायचं घरात ठरलं. मला मात्र तेच मणी हवे होते. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. थॉमसनचा रस गोड, पण चवीला फिका आणि आंबटपणाही बेताचा. त्याच्या वाइनला अंग यायचं ते सालीतूनच. म्हणून द्राक्षं पांढरी असली तरी मी रस सालींसकट आंबवते.

विकतचं यीस्ट घालत नाही. तोडणीच्या पाचेक दिवस आधी त्याच बागेतले थोडे घड आणून कुस्करायचे, फसफसू लागले की तेच मोठ्या पिंपाला विरजण. आधी सालीवरची नाना जातींची यीस्ट कामाला लागतात. मद्यार्क चार-पाच टक्क्यांवर गेला की त्यातली बरीचशी गळतात आणि सॅकरोमायसिस हे मद्यार्क सोसणारं यीस्ट पुढचं ओढून नेतं. हे आपोआप होतं, पण रोज वास घ्यावा लागतो, चव बघावी लागते, तापमान लिहावं लागतं. ढवळाढवळ कमी करायची तर लक्ष दुप्पट द्यावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

वास हायड्रोजन सल्फाइडचा वाटत होता. लिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. पक्कं करायला दोन पेले भरले आणि मी पाणी पिते त्या तांब्याच्या फुलपात्रात एक ओतला. पाव तासाने दोन्हींचा वास घेतला. पेल्यातला तसाच, फुलपात्रातला जवळजवळ गेलेला. तांबं त्या गंधकाला धरून ठेवतं. मग सगळा रस तांब्यातूनच का नाही काढायचा? फुलपात्र रिकामं केलं तर रस लागला होता तिथपर्यंत आतून गुलाबी, चिंचेने घासल्यासारखं लख्ख. ती चकाकी म्हणजे तांबं रसात उतरल्याची खूण. तांब्यात ताक ठेवू नये म्हणतात ते याचसाठी. तो घोट मोरीत ओतला.

आता कारण. यीस्टला नत्र कमी पडलं तरी हा वास येतो, आणि त्या बागेला काही वर्षांत खत मिळालं नव्हतं. पण पहिलं पिंपही तिथलंच, आणि ते स्वच्छ, पिकल्या पेरूसारखं घमघमत होतं. वही काढली. पहिल्यात रस्त्याकडच्या ओळी, दुसऱ्यात विहिरीकडच्या. काकांना फोन लावला.

"काका, विहिरीकडे तोडणीआधी काही मारलं होतं का?"

"फवारणी नाही केली गं. आभाळ आलं होतं, भुरीची भीती वाटली, म्हणून तेवढ्या ओळींवर गंधक धुरळलं. आठ-दहा दिवस आधी असेल."

तोडणीच्या वेळी मी विचारलं होतं, फवारणी केली का? ते नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांच्या लेखी फवारणी वेगळी, धुरळणी वेगळी. चूक माझ्या प्रश्नात होती. सालीवरचं गंधक सालींसकट पिंपात आलं आणि यीस्टने त्याचा हा वायू केला.

नाशिकच्या मैत्रिणीने सांगितलं, नत्रासाठी डीएपी टाक आणि मोकळी हो. पण नत्र कमी पडल्याचं लक्षणच नव्हतं, तर टाकायचं कशाला? रसाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर १.०९२ वरून १.०४५ वर आला होता. म्हणजे अर्धी साखर बाकी, यीस्ट जोमात, वास उडवायला आत्ता हवा दिली तर त्याला मानवेल. शेवटी दिली असती तर वाइनच खराब झाली असती.

दादा गेरीतून सरळ आला, कानापर्यंत हिरवा-लाल. त्याला आधी कोपरापर्यंत दोनदा साबणाने धुवायला लावलं. मग खालचा नळ उघडून रस उंचावरून स्टीलच्या टबात पाडला. फेस उसळला, शेडभर दुर्गंधी पसरली. साली पिळून बाजूला काढल्या. त्या अजून चार दिवस ठेवायच्या होत्या. ज्या सालींसाठी ही बाग धरली, त्याच टाकताना जीव तुटला. दुपारी रस पुन्हा एकदा तसाच पाडला आणि तळाचा गाळ मागे ठेवून धुतलेल्या पिंपात भरला.

संध्याकाळी वास राहिला होता, पण शोधावा लागत होता. तिसऱ्या दिवशी गेला. वाइन पहिल्या पिंपाहून हलकी होणार हे तेव्हाच दिसत होतं. वहीत 'फवारणी'शेजारी 'धुरळणी' असा नवा रकाना आखला.

रात्री काकांचा फोन आला. आवाज पडलेला. "माझ्यामुळे तुझं नुकसान झालं. उपटूनच टाकतो आता."

मी म्हटलं, "काका, एप्रिलची खरड छाटणी कधी काढताय ते सांगा. दादाला घेऊन येते."