उंदरांचा रकाना

जुन्या आरोग्य अहवालांतले आकडे संगणकावर चढवायचे, हे माझं काम. त्या दिवशी समोर होता १९०५-०६ सालचा, मुंबईतल्या प्लेगच्या तपासणीचा अहवाल. साहेबांनी सांगितलं होतं, आधी माणसांचे मृत्यू भरा, उंदरांचं मागाहून बघू.

मला ते पटत नव्हतं. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी १८९६ साली हा रोग ओळखला. पुढची काही वर्षं सरकारचा सगळा जोर माणसांवर. घरांच्या झडत्या घेतल्या, स्टेशनांवर बायाबापड्यांच्याही काखा-जांघा गाठीसाठी चाचपल्या, आजाऱ्याला घरच्यांपासून ओढून नेलं. हे वाचताना आजही संताप येतो. १९०५मध्ये आलेल्या प्लेग आयोगाने मात्र उंदीर मोजले. शहरभरातून उंदीर गोळा करायचे, कुठल्या घरात सापडला त्याची चिठ्ठी लावायची आणि परळच्या प्रयोगशाळेत फाडून बघायचं. असे लाखाच्या वर! रोगट उंदराची गाठ बहुतेकदा मानेला निघाली. मेलेला उंदीर खाऊन रोग झाला असता तर ती आतड्याजवळ निघाली असती. म्हणजे रोग खाण्यातून नव्हे, चाव्यातून; संशय उंदरावरच्या पिसवेवर.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी उंदरांचे रकाने भरायला घेतले. गटारातला करडा उंदीर वेगळा, घरातला काळा वेगळा. मग तिन्ही ओळी एका आलेखावर काढल्या आणि हात थांबला. आधी करड्या उंदरांची टेकडी. साधारण दहा दिवसांनी काळ्यांची. त्यानंतर दहा-चौदा दिवसांनी माणसांची.

माझी आजी तिच्या आईच्या तोंडचं सांगायची, "घरात उंदीर पडला की चूल विझवायची आणि माळावर झोपडी घालायची." गाठीच्या तापाची ती गोष्ट मी लहानपणी नुसती भीतीपोटी ऐकली होती. त्या बायांना कुणी आलेख दाखवला नव्हता. पण घरातला उंदीर पडल्यावर हाताशी किती दिवस उरतात, ते त्यांना ठाऊक होतं. तेच दिवस आता माझ्यासमोर दोन टेकड्यांच्या मधे दिसत होते. डोळे भरून आले.

संध्याकाळी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तिन्ही टेकड्यांवरून सावकाश बोट फिरवलं, पुन्हा पहिलीवर आणलं. दुसऱ्या दिवशी भरायची नवी यादी आली. उंदरांचा रकाना पहिला होता.