तिसरा गोळा

स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसच्या माथ्याला दोनशे मीटर उरले असताना परत का फिरलीस, असं पुण्याचे ट्रेकवाले भेटले की विचारतात. पाठोपाठ येतंच, डोंगर तो केवढा, १,३४५ मीटर. आपली कळसूबाई १,६४६.

उंची कमी आहे, मान्य. पण एप्रिलमध्ये स्कॉटिश हायलँड्सच्या त्या पठारावर हिवाळाच असतो. उत्तरेला कडा, त्याच्या काठावर खाली आधार नसलेले बर्फाचे छज्जे. नैऋत्येला फाइव्ह फिंगर गली ही घळ. धुक्यात माथ्यावरून उतरायचं तर नकाशाच्या उत्तरेपासून २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश. हे आकडे मी कागदावर लिहून खिशात ठेवले होते.

बरोबर नाशिकहून आलेला धाकटा भाऊ. वळणं संपून पठार लागलं आणि सगळं पांढरं झालं. जमीन कुठे संपते, ढग कुठे सुरू होतो, कळेना. फोनने दोनशे मीटर दाखवले आणि थंडीने तो बंदच पडला. मी बर्फाचा गोळा वळून पुढे टाकायचे, तो पडलेला दिसला की तिथवर चालायचं. दोन दिसले. तिसरा दिसलाच नाही.

"ताई, पावलं आहेत की पुढे."

होती. पण कोणाची, कुठे गेलेली? मी म्हटलं, "मागे फिर."

खाली तळ्यापाशी पोचलो आणि ढग उघडला. माथा लख्ख. मागून उतरणारे दोघं म्हणाले, वर छान ऊन पडलंय. भाऊ घटाघटा पाणी प्यायला आणि बाटली मला न देता सॅकमध्ये टाकली.

हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेली मी बर्फाला घाबरले का? हो, घाबरले. तिथे हाताखाली कातळ तरी होता. पण खरं सांगायचं तर होकायंत्रावर चालायचा सराव मी केलाच नव्हता आणि भावाच्या पायांत क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे बुटांचे काटे, नव्हते. परत फिरले ते बरोबरच केलं. त्याला तिथवर नेलं, त्याचं काय?

जुलैत पुन्हा गेले, एकटीच. माथ्यावर पोचले, उतरताना ती जागा शोधत बसले. सगळीकडे दगडच दगड. काठ कधी वीस पावलांवर वाटायचा, कधी शंभर. संध्याकाळी भावाला फोन केला. तिथे जाऊन आले, हे मात्र सांगितलं नाही.