भाव न खाणारी बेस

बँडमध्ये बेस वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही, हे आम्हा लोकांच्या केव्हाच अंगवळणी पडलंय. कार्यक्रम संपला की गायकाभोवती गराडा पडतो, लीड गिटारवाल्याबरोबर फोटो निघतात आणि आम्ही आपले कोपऱ्यात वायरी गुंडाळत असतो. या उपेक्षितांच्या जगातही आणखी एक उपेक्षित जमात आहे: बाजारात ज्यांना कोणी विचारत नाही अशा जुन्या बेस गिटारी. माझा जीव नेमका तिथे अडकतो.

जुनी बेस बघायला आलेला माणूस हमखास विचारतो, ‘पुढे विकायला काढली तर किती येतील?’ अजून तारेला बोट लागलेलं नाही आणि निघाला विकायला! पण प्रश्न अगदीच खुळा नाही. नवी बेस दुकानातून बाहेर पडली की तिची किंमत घसरते, आणि ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. त्यातून हेडस्टॉकवरचं, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकावरचं, नाव फारसं वजनदार नसेल तर भाव आधीच तळाला जाऊन बसलेला. तिथून पडून पडून पडणार किती? वर्ष-दोन वर्षं मनसोक्त वाजवावी आणि जवळपास घेतल्या भावाला द्यावी. नावाजलेल्या बेसचं असं नसतं. तिच्यावर ओरखडा उठला की आधी काळजात चर्र होतं आणि मग हिशेब सुरू होतो.

हा नावाचा पसारा सुरू झाला फेंडर या अमेरिकी कंपनीपासून. १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आली, १९६० मध्ये जॅझ बेस, आणि या दोन घाटांनी बाजार असा काही व्यापला की आजही निम्मे कारखाने त्यांचीच रूपं गिरवतात. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्याआधीची बेस म्हणजे संग्राहकांचं सोवळं, हात लावायचीही चोरी. आवाज उत्तम असतो, नाही म्हणत नाही. पण तारांचं कंपन पकडणारा पिकअप म्हणजे शेवटी चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. तिला हेडस्टॉकवरचं नाव वाचता येत नाही.

जपानच्या मात्सुमोतो शहरातल्या मात्सुमोकू कारखान्याचंच बघा ना. एरिया प्रो टू, वेस्टोन अशा कितीतरी नावांच्या गिटारी तिथून निघाल्या. नावं वेगळी, कारागीर तेच. १९८७ मध्ये कारखाना बंद पडला आणि ती नावं मागे पडली, बेस मात्र अजून ठणठणीत आहेत. यामाहाच्या १९७७ पासूनच्या बीबी मालिकेची अडचण आणखी मजेशीर आहे. जे नाव पियानोवर, शाळेतल्या पोरांच्या रेकॉर्डरवर आणि मोटारसायकलवर असतं, ते बेसवर दिसलं तर कुणाच्या छातीत धडधड व्हायची? काम मात्र इतकं चोख की वाजवून बघणारा गप्प होतो.

पीव्ही या अमेरिकी कंपनीची टी-४० ही माझी विशेष आवडती. मिसिसिपीतल्या मेरिडियनमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती बनू लागली, आणि तिचे लाकडी भाग संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जायचे. त्या काळात ही नवलाई होती. टोनचा नॉब फिरवत नेला की पिकअपची एक कॉइल, म्हणजे तारेचं एक वेटोळं, बाजूला पडते आणि त्याच पिकअपमधून निराळा, धारदार आवाज येतो. वजन म्हणाल तर तासाभराने खांदा बोलायला लागतो. ठोकळा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं नाकं मुरडली.

जुनी बेस हातात आली की मी आधी वाजवत नाही. हेडस्टॉककडून नेकच्या, म्हणजे लांब दांडीच्या, कडेवर एक डोळा मिटून नजर लावतो. मग एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून मधल्या फ्रेटशी फट बघतो. कागदाएवढी, फार तर पातळ पुठ्ठ्याएवढी असावी. थोडी कमी-जास्त असेल तर ट्रस रॉडला, म्हणजे नेकचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला, पाव फेरा पुरतो. रॉड अडकला असेल किंवा नेकला पीळ पडला असेल तर मात्र गोड बोलून परत द्यावी. फ्रेट झिजून खड्डे पडलेत का तेही बघा, कारण नवे फ्रेट बसवायची मजुरी कधी कधी बेसच्याच किमतीला जाते. बाकी आजार किरकोळ. नॉब खरखरतो? आत क्लीनरचा फवारा मारा आणि दहा-वीसदा फिरवा. आणि ‘बंद आहे’ म्हणून स्वस्तात निघालेली अ‍ॅक्टिव्ह बेस दिसली तर आधी मागचं झाकण उघडा. या बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल जॅकमध्ये राहिली की ती वाजवली नाही तरी उतरत राहते. कितीतरी ‘मेलेल्या’ बेस नुसत्या बॅटरीअभावी पडून असतात. पिकअपवर अंगठा टेकून टेकून उडालेला रंग मला तर दागिनाच वाटतो. कुणीतरी ती भरपूर वाजवली आहे, एवढी खात्री पटते.

विकताना मात्र गिऱ्हाईक वेगळ्या नजरेने बघतं. बदललेले पिकअप, ब्रिजसाठी (अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) पाडलेली जास्तीची भोकं, नव्याने मारलेला रंग, प्रत्येकाने भाव उतरतो. म्हणून काढलेला मूळचा स्क्रूसुद्धा फेकू नये. पिशवीत घालून केसमध्ये ठेवावा.

या छंदाला धोका आहे तो कौतुकाचा. १९८२ मध्ये फेंडरच्याच स्क्वायर या दुसऱ्या ब्रँडने जपानमधल्या फुजीगेन कारखान्यातून काढलेल्या बेस मूळ फेंडरपेक्षा स्वस्त पर्याय म्हणून आल्या होत्या. आता त्यांच्यावर ‘जेव्ही’ने सुरू होणारा अनुक्रमांक दिसला की संग्राहक तुटून पडतात. टी-४० सुद्धा पूर्वीसारखी मातीमोल राहिलेली नाही. चार जाणकारांनी वाखाणलं की भाव वर जातो आणि आमच्यासारख्यांना मागे सरकावं लागतं. त्यामुळे सध्या माझा डोळा कोणत्या बेसवर आहे, ते इथे लिहिणार नाही. ती एकदा घरी आली की मग हवं तेवढं बोलू.