जे पॅकेट पाठवलेच नाही त्याचा जाब

टॉर हे इंटरनेट वापरणाऱ्याची ओळख लपवणारे जाळे, आणि त्यातली वाहतूक पुढे ढकलणारा सर्व्हर म्हणजे रिले. असे तीन रिले मी जर्मनीतल्या भाड्याच्या सर्व्हरांवर चालवतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. हे काम रात्रीचे आणि रविवारचे. तिघांपैकी एक एक्झिट आहे, म्हणजे तीन टप्प्यांच्या वाटेतला शेवटचा, आणि म्हणून वापरणाऱ्याने पुढे काहीही केले तरी समोरच्या सर्व्हरच्या नोंदीत माझाच आयपी पत्ता उमटतो. उरलेले दोन मधले. ते एका रिलेकडून आलेला कूटबद्ध मजकूर दुसऱ्या रिलेच्या हवाली करतात. वापरणाऱ्यांची वाहतूक त्यांच्यातून टॉरबाहेर जात नाही.

एक्झिटवरच्या तक्रारी अंगवळणी पडल्या आहेत. त्यातल्या बहुतेक माणसाने लिहिलेल्याच नसतात. फेल२बॅनसारखा प्रोग्रॅम चुकीचे पासवर्ड मोजतो आणि होस्टिंग कंपनीला ईमेल धाडतो, कंपनीचा प्रोग्रॅम ती माझ्याकडे ढकलतो आणि चोवीस तासांत खुलासा मागतो. खुलासाही तयार असतो: हा टॉरचा एक्झिट आहे, वाहतूक माझी नाही, कोणाची आहे ते मला कळत नाही आणि कळू नये अशीच रचना आहे, त्या दिवशी हा पत्ता टॉरचा रिले होता की नाही, हे एक्झोनेरेटर या टॉरच्याच संकेतस्थळावर तारीख घालून पडताळता येईल, आपला पत्ता कळवल्यास आमच्या एक्झिटच्या धोरणात तो बंद करू. हा मजकूर मी काही वर्षे तासून घेतला आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस एका सकाळी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये तक्रार आली: तुमच्या पत्त्यावरून अनेक सर्व्हरांचे पोर्ट २२, म्हणजे दूरून लॉगिन करण्याचे दार, चाचपले जात आहे. मी फोनवरून नेहमीचा खुलासा पाठवला आणि विसरलो. संध्याकाळी तशाच आणखी दोन आल्या, तेव्हा पत्ता नीट वाचला. तो मधल्या रिलेचा होता. सकाळचाही.

पहिली शंका आली ती सर्व्हर कोणी फोडला असावा, अशी. खाती, चालू प्रक्रिया, लॉगिनच्या नोंदी, सगळे तपासले. काही सापडले नाही. मग येणारी-जाणारी पॅकेटे, म्हणजे माहितीचे तुकडे, दाखवणारा टीसीपीडम्प हा प्रोग्रॅम लावून बसलो. पोर्ट २२कडे बाहेर जाणारे एकही सिन पॅकेट, म्हणजे जोडणी मागणारे पहिले पॅकेट, दिसेना. मात्र ज्यांच्याशी माझा कधी संबंध आला नाही अशा सर्व्हरांच्या पोर्ट २२कडून सिन-ॲक, म्हणजे सिनला होकार देणारी पॅकेटे, आत येत होती, आणि माझ्या सर्व्हरच्या प्रणालीचा गाभा असलेला कर्नल प्रत्येकाला निमूटपणे आरएसटी पाठवून असे संभाषण आपण सुरूच केले नसल्याचे सांगत होता. कोणी तरी भलत्याच ठिकाणाहून पॅकेटे सोडत होते आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता घालत होते. उत्तरे तेवढी माझ्या दारात येत होती. अशी खोट्या पत्त्याची पॅकेटे आपल्या जाळ्यातून बाहेर पडू देऊ नयेत, हे सांगणारे आरएफसी २८२७ हे इंटरनेटच्या कारभाराचे टिपण मे २०००मधले आहे. चोवीस वर्षांनंतरही ज्यांना ते जमत नाही त्यांना कोणी खुलासा मागत नाही, माझ्याकडे मात्र मागतात.

रात्री कंपनीला सविस्तर लिहिले आणि पकडलेल्या पॅकेटांची फाइल जोडली. तक्रारी हाताळणाऱ्या अब्यूज विभागातून या वेळी खऱ्या माणसाचे उत्तर आले आणि ते बिनतोड होते: ही वाहतूक टॉरची असल्याचे आपणच आज सकाळी लेखी कळवले आहे, आणि आपल्याच सर्व्हरवर पकडलेली फाइल पुरावा कशी मानावी? मी म्हटले, मग तुमच्या राउटरवरच्या नोंदी पाहा, ही पॅकेटे माझ्या बाजूने कधी निघालीच नाहीत हे तिथे दिसेल. त्यावर उत्तर आले, की ते काम दुसऱ्या विभागाचे आहे. चौथ्या दिवशी तो पत्ता बंद झाला.

एव्हाना इतर रिलेवाल्यांशी बोलणे झाले होते आणि कितीतरी जणांकडे तेच घडत होते. जाळ्यातल्या रिलेंची यादी ठरवणाऱ्या मोजक्या डिरेक्टरी ऑथॉरिटींच्या नावानेही तक्रारी गेल्या होत्या. टॉरचे कूट फोडण्याच्या भानगडीत हे करणाऱ्याला पडावेच लागले नाही. पोर्ट २२वर डोळा ठेवून बसलेल्या सर्व्हरांना खोटी पॅकेटे पाठवली, की त्यांचे प्रोग्रॅम तक्रार करतात, आमच्या कंपन्यांचे प्रोग्रॅम ती खरी मानतात आणि रिले आपोआप बंद पडतो. साधे सिन पॅकेट पाहून पाठवणारा कोण हे कळत नाही, त्यासाठी जोडणी पूर्ण व्हावी लागते, एवढी प्राथमिक गोष्ट सुरक्षेच्या नावाने तक्रारी विकणाऱ्यांना ठाऊक नसावी, याचा मला आजही राग येतो.

७ नोव्हेंबरला पॅकेटांचा उगम शोधून तो बंद केला गेला. टॉर प्रकल्पाने तसे जाहीर केल्यावर मी ते निवेदन कंपनीला पाठवले आणि दोन दिवसांनी, एका शब्दाचीही भर न घालता, पत्ता पुन्हा सुरू झाला. आता एक्झिटचा आणि मधल्या रिलेचा खुलासा मी वेगळा ठेवतो आणि पत्ता दोनदा वाचल्याशिवाय काही पाठवत नाही.

खात्यात मात्र त्या तक्रारीसमोर अजून नोंद दिसते: ग्राहकाने कारण मान्य केले. ती बदलावी म्हणून लिहिले होते. बंद झालेल्या तक्रारीत दुरुस्ती करता येत नाही, असे त्यांचे उत्तर आले.